फळ्याकडून वहीकडे

"मॅडम, तुम्ही बीएडच्या का?"

सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत छात्राध्यापिका पहिल्यांदा वर्गात शिरली, की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. विचारणारा बहुधा शेवटच्या बाकावरचा असतो आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. घडी न मोडलेली साडी, काखेत गुंडाळलेले तक्ते, मागच्या भिंतीला टेकून वही उघडून बसलेलं कुणीतरी. एवढ्या खुणा त्याला पुरतात. त्याला खरं विचारायचं असतं ते निराळंच. तुम्ही आमचे पेपर तपासणार नाही, प्रगतिपुस्तकावर सही करणार नाही, दोन-चार महिन्यांनी दिसणारही नाही. मग तुमचं का ऐकायचं? माझ्या वर्गात अशा कितीतरी जणी येऊन गेल्या. कुणी त्या प्रश्नावर नुसतंच हसलं, कुणाचा आवाजच बसला. एकीनं मात्र शांतपणे "हो. आणि तुम्ही सातवीचे का?" असं विचारून सगळा वर्ग खिशात टाकला. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाला शिकवता आलंही नसतं. प्रश्न बाकीच्यांचा आहे, म्हणजे बहुतेक जणींचा.

वर्गासमोर उभं राहण्याचं बळ येतं कुठून, आणि शाळेतली जी शिक्षिका 'मार्गदर्शक' म्हणून तिच्या वाट्याला येते तिच्या हातात त्यातलं किती असतं? यावर गेल्या साठेक वर्षांत जगभर पुष्कळ लिहून झालंय. आपल्याकडे आयोग बसले, नियम झाले. ते सगळं एकदा सोलापूरच्या वर्गात उभं राहून पाहावं, म्हणून हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते. आपण छात्राध्यापिकेला धीर देतो, शेरे देतो, निरोपाच्या दिवशी गुलाबाचं फूलही देतो. तिची नजर स्वतःवरून उचलून मुलांच्या वहीवर नेऊन ठेवायची, हे काम मात्र नेमानं कुणी करत नाही.

नियम काय म्हणतात ते पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची नवी नियमावली २०१४ साली आली आणि २०१५ पासून बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला त्यात किमान २० आठवडे दिले: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. त्याआधीच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात सूक्ष्मपाठ, मग सेतूपाठ, मग सरावपाठ आणि शेवटी थोडक्या दिवसांचा छात्रसेवाकाल, अशी जिन्यासारखी चढण होती. जिना आजही आहे, फक्त वरचा मजला मोठा झाला.

या बदलामागची एक गोष्ट आपल्या राज्यातली आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही. राज्य सरकारचा विरोध असताना इथल्या डी.एड. संस्थांना मोठ्या संख्येनं मान्यता दिली गेली, वाद न्यायालयात गेला आणि वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्यातूनच २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. शिक्षक घडवण्याचा काळ वाढवावा, तो शाळेशी घट्ट बांधावा, हा त्यातला एक मोठा धागा होता. तसं पाहिलं तर यात नवं काही नव्हतं. १९६४ ते १९६६ मधल्या कोठारी आयोगानं प्रशिक्षण महाविद्यालयं शाळांपासून तुटलेली आहेत, हे दुखणं स्पष्ट मांडलं होतं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. खेड्यातली शाळा त्यांना कागदावरून कळलेली नव्हती.

सूक्ष्मपाठाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण छात्राध्यापिकेचा पहिला धीर तिथेच बांधला जातो आणि बहुतेकदा तिथेच खोटाही ठरतो. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आणि पुढे एनसीईआरटीनं तिला भारतीय रूप दिलं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं त्यावर बोलणं, बारा मिनिटांत नवी आखणी, सहा मिनिटांत पुन्हा पाठ, पुन्हा सहा मिनिटं बोलणं. छत्तीस मिनिटांचं चक्र. एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळा वापरणं. कल्पना चांगलीच आहे. अडचण एवढीच, की समोर बसलेले 'विद्यार्थी' म्हणजे तिच्याच वर्गातल्या मैत्रिणी. त्या बरोबर उत्तर देतात, बरोबर वेळी देतात आणि चुकायचंच झालं तर पाठाला सोयीचं चुकतात. कोरड्या विहिरीत हातपाय मारून आलेली मुलगी मग एकदम पाण्यात पडते. तिथे साठ मुलं असतात, त्यातल्या दहा जणांचं लक्ष खिडकीबाहेर आणि दोघांची मारामारी चालू.

तरीही ती वर्गाला अगदी अनोळखी नसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात एक मार्मिक हिशेब मांडला: शालेय शिक्षण संपेपर्यंत प्रत्येक जण साधारण १३,००० तास शिक्षकांना पाहत बसलेला असतो. ही उमेदवारीच म्हणायची, फक्त ती बाकावर बसून केलेली. त्यामुळे भांबावलेली छात्राध्यापिका कॉलेजात शिकलेलं विसरते आणि आपल्या पाचवीच्या बाई जसं शिकवायच्या तसं शिकवू लागते. तोच सूर, तीच "हाताची घडी, तोंडावर बोट". तिला बाईंचं वागणं आठवतं. बाई तसं का वागत होत्या, हे तिला कधी दिसलेलंच नसतं. मार्गदर्शक शिक्षिकेचं पहिलं काम मला इथे दिसतं. आपण वर्गात जे करतो त्याचं 'का' मोठ्यानं बोलून दाखवायचं. "तिसऱ्या रांगेला मी आधी विचारलं, कारण ती रांग उत्तर माहीत असूनही बोलत नाही." हे एक वाक्य दहा आदर्श पाठांच्या निरीक्षणाहून जास्त शिकवतं.

आता आत्मविश्वास या शब्दाकडे. टेक्सास विद्यापीठातल्या फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये शिक्षक होऊ घातलेल्यांना कसली काळजी वाटते याचा अभ्यास मांडला. सुरुवातीच्या काळज्या स्वतःविषयीच्या असतात: मी कशी दिसते, वर्ग आवरेल का, साहेब काय म्हणतील. मग कामाविषयीच्या: वेळ पुरेल का, साहित्य कुठून आणू. आणि पुढे कधीतरी परिणामाविषयीच्या: या मुलाला हे का येत नाही? पुढच्या अभ्यासकांनी या पायऱ्या इतक्या सरळ नसतात, असं दाखवलं आणि ते खरंही आहे. मलाही आज नव्या तुकडीत पाऊल टाकताना माझ्या साडीची काळजी वाटते. पण दिशा तीच आहे. नजर आपल्यावरून समोरच्याकडे जाते तसतसा पायाखालचा थरथराट थांबतो.

अल्बर्ट बँडुरा यांचा १९७७ चा सिद्धांत याला जोडून ठेवावा. आपल्याला हे जमेल, ही भावना त्यांच्या मते चार वाटांनी येते: स्वतः करून जमल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिल्यानं, कुणी विश्वासानं सांगितल्यानं आणि स्वतःच्या शरीराचे इशारे, म्हणजे धडधड, घाम, कोरडा घसा यांचा आपण लावतो त्या अर्थानं. यातली सगळ्यात भक्कम वाट पहिली. आपण वापरतो ती बहुधा तिसरी: "घाबरू नकोस गं, मस्त झाला पाठ." खोट्या स्तुतीचं नाणं वर्गात चालत नाही, आणि ते चालत नाही हे मुलीला आपल्याआधी कळलेलं असतं.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या अनिता वुलफोक हॉय आणि रॉन्डा बर्क स्पेरो यांचं २००५ मधलं काम तर आपल्याकडच्या प्रत्येक प्राचार्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवावं असं आहे. प्रशिक्षणाच्या काळात, सरावाच्या दिवसांत विद्यार्थी-शिक्षकांचा आत्मविश्वास वाढतो, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो खाली येतो. किती खाली, हे मिळणाऱ्या आधारावर अवलंबून. म्हणजे छात्रसेवाकालातला बराचसा धीर उसना असतो. मागे मोठी बाई बसलेली असते म्हणून टिकलेला. आपल्याकडे हे पहिलं वर्ष म्हणजे शिक्षणसेवकाची तीन वर्षं. योजना २००० सालापासूनची, आणि २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला १६,००० रुपये मानधन. शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची वाट पाहणं. त्यात कित्येकींची वर्षं जातात. वीस आठवड्यांत कमावलेलं तोवर किती उरत असेल?

इथवर सगळे पुरावे मार्गदर्शनाच्या बाजूनं जातात असं वाटेल. तसं सरसकट नाही. रिचर्ड इंगरसोल आणि मायकेल स्ट्राँग यांनी २०११ मध्ये नवशिक्या शिक्षकांच्या मार्गदर्शनावरचे १५ अभ्यास तपासले. शिक्षक टिकून राहणं, वर्गातली कामगिरी आणि मुलांचं यश, तिन्हीवर बहुतेक ठिकाणी चांगला परिणाम दिसला. मात्र चिठ्ठी टाकावी तशा शाळा निवडून केलेल्या एका मोठ्या सरकारी चाचणीत शिक्षक टिकण्यावर किंवा त्यांच्या वर्गातल्या वागण्यावर काहीच फरक सापडला नाही. फक्त दोन वर्षं सलग मदत मिळालेल्यांच्या मुलांचे गुण तिसऱ्या वर्षी थोडे वाढलेले दिसले. मला हा अपवाद इतर निष्कर्षांपेक्षा मोलाचा वाटतो. मदत लांबली की ती मुलांपर्यंत पोहोचते, आणि उशिरा पोहोचते. मॅथ्यू रॉनफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये टेनेसीतल्या नोंदींवरून दाखवलं, की स्वतः चांगलं शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हाताखाली सराव केलेले पुढे जास्त चांगले शिक्षक निघतात. आपल्याकडे मार्गदर्शक कसा ठरतो? ज्याचं वेळापत्रक जुळतं तो. कधी कधी तर ज्याला तास कमी करून हवेत तो.

मराठी परंपरेत या नात्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं वाटतं. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाईंच्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात अनुताई आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि त्यांच्या गाठीला बरीच वर्षं शिकवण्याचा अनुभव होता. कोरी पाटी नव्हतीच. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत काम करून आलेल्या, माँटेसरीचा अभ्यास केलेल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत न येणारी आदिवासी मुलं शोधत शाळाच अंगणात गेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्या धडपडीतून आले. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं: दोघी एकमेकींकडे कमी आणि दोघी मिळून मुलांकडे जास्त पाहत होत्या. गुरू-शिष्येच्या मध्ये तिसरं कुणीतरी हवं असतं. ते तिसरं माणूस म्हणजे न येणारं मूल.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी हे उलट बाजूनं केलं. आयुष्यभर शिक्षक घडवण्याच्या कॉलेजात शिकवून झाल्यावर त्यांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' काढलं. प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीनं स्वतः रोजच्या शाळेची जोखीम घेणं आपल्याकडे दुर्मीळच. पाठनिरीक्षणाला येणाऱ्या किती प्राध्यापकांनी गेल्या दहा वर्षांत आठवीचा सहावा तास घेतलाय, असा आगाऊ प्रश्न मला नेहमी पडतो.

आपल्या जिल्ह्याचं सर्वांत गाजलेलं नाव रणजितसिंह डिसले यांचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९ मध्ये आले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड आणि बक्षिसाची निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांना वाटून टाकणं, हे सगळ्यांना आठवतं. त्यांना आधी व्हायचं होतं अभियंता; ते जमलं नाही तेव्हा वडिलांनी शिक्षक-प्रशिक्षण सुचवलं, ते थोड्या नाखुशीनंच गेले आणि तिथे त्यांचं मन पालटलं. ही गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. सत्कारसमारंभात प्रशिक्षणाच्या वर्षांना टाळी नसते.

आता माझ्या वर्गाकडे येते, कारण वर जे फुलर आणि बँडुरा सांगतात ते मी शिकले ते एका मुलीच्या निमित्तानं.

ती पंढरपूर तालुक्यातली. मराठीत एम.ए., अक्षर मोत्यासारखं, पाठाचं टाचण नेहमी वेळेआधी तयार. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ, सगळं जागच्या जागी. आवाज मात्र तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नव्हता. आमची शाळा पूर्व भागाच्या हद्दीवरची; खिडक्या उघड्या ठेवल्या की मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट तासभर सोबतीला. मुलं पद्मशाली घरांतली, घरी तेलुगू बोलणारी. काही कन्नड बोलणारी. काहींच्या आया विड्या वळतात, मुलीही शाळेतून गेल्यावर पानं कातरायला बसतात. मी तिच्या निरीक्षण वहीत आठवडाभर लिहीत होते: आवाज वाढवावा. आवाजात चढउतार हवा. दृष्टिसंपर्क ठेवावा. माझ्या स्वतःच्या बी.एड.च्या वहीत हेच शेरे होते, याचा मला विसर पडला होता.

मग मी एक चूक केली. तिचा तास चालू असताना मागे गोंगाट वाढला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. उठले आणि ओरडले, "ए, गप्प बसा रे!" वर्ग क्षणात शांत. माझ्यासाठी शांत. तिच्या तीन आठवड्यांत जे थोडं जमून आलं होतं ते मी एका हाकेत परत घेतलं. त्यानंतर प्रत्येक गोंगाटात मुलं तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघू लागली. तिनं तक्रार केली नाही; दुसऱ्या दिवशी फक्त टाचण आणखी दोन पानं लांब लिहून आणलं.

तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसणं सोडलं आणि तिला मुलांसमोर नावानं हाक मारणंही. वर्गाबाहेर 'तू', वर्गात 'मॅडम' आणि 'तुम्ही'. गोष्ट छोटी वाटते, पण कुणाला कसं संबोधलं जातं यावरून मुलं शाळेतली उतरंड आपल्याआधी ओळखतात. शिपाईमामांशी कोण कसं बोलतं, हेसुद्धा त्यांना पाठ असतं.

तिचं खरं वळण वहीपाशी आलं. 'माझी शाळा' या विषयावरचे निबंध तपासायला मी तिला दिले. ती लाल शाईनं भरलेल्या वह्या घेऊन आली, वैतागून. "मॅडम, सातवीची मुलं 'माझा वही' लिहितात. 'मोठा खुर्ची' लिहितात. लक्षच देत नाहीत." मी म्हटलं, लाल पेन बाजूला ठेव आणि चुकांच्या राशी लाव. तासाभरानं तिच्यापुढे तीन-चार राशी होत्या. सगळ्यात मोठी रास लिंगाची. आणि गंमत अशी, की 'माझा आई' किंवा 'माझी बाबा' असं जवळपास कुणीच लिहिलं नव्हतं. माणसांचं लिंग बरोबर, वस्तूंचं चूक.

तिला हे मीच सांगून टाकायला निघाले होते; सवयच असते. सुदैवानं त्याच वेळी घंटा झाली. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला विचारलं: घरी खुर्चीला काय म्हणता? तिला 'ती' म्हणता की 'तो'? मुलं हसली. कन्नडवाली म्हणाली, "अदु." तेलुगूवाले म्हणाले, "अदि." वही, फळा, टेबल? सगळ्यांना तेच. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, खुर्ची बाई कशी काय हो?" प्रश्न अगदी रास्त होता. कन्नडात आणि तेलुगूत निर्जीव वस्तूला पुरुष-स्त्री असा भेद लागत नाही. मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी, फळा पुल्लिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी. यामागे मुलाला पटेल असं कारण आपण तरी काय देणार? ती फळ्याकडे पाठ करून वर्गात शिरली, बाकांमधून फिरत वर्गातल्या वस्तूंची 'तो-ती-ते'ची यादी मुलांकडून करून घेऊ लागली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. आवाजाबद्दल त्या आठवड्यात मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तास संपल्यावर ती स्टाफरूममध्ये आली. तोवर रोज तिचा पहिला प्रश्न असायचा, "मॅडम, कसा झाला माझा पाठ?" त्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, त्या खिडकीजवळच्या दोघींना अजून कळलेलं नाही." फुलर यांच्या पायऱ्या मी पुस्तकात पुष्कळदा वाचल्या होत्या. एका वाक्यात ओलांडलेल्या प्रथमच पाहिल्या.

बहुभाषिक सोलापूर ही अडचण मानायची आपली सवय आहे. महापालिकेच्या मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्या शाळा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा. आणि मराठी शाळेत बसलेली घरी भलतंच बोलणारी मुलं. नव्या शिक्षिकेसाठी याच्याइतकी चांगली तालीम दुसरी नसावी. इथे तिला मुलाची चूक आळसाच्या खात्यात टाकता येत नाही, कारण शोधावं लागतं. आणि कारण सापडलं, की वर्गाविषयी असं काहीतरी तिच्या हाती लागतं जे मागे बसलेल्या बाईलाही ठाऊक नसतं. मी याला आत्मविश्वास म्हणते. बाकी जे असतं ते धीटपण.

धीटपणाची फसगत वार्षिक पाठाच्या दिवशी बघावी. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मुलांकडून उत्तरं घोटून घेतलेली; येत असेल तर उजवा हात, नसेल तर डावा, ही युक्ती ज्या कुणी काढली त्याला मानलं पाहिजे, कारण सगळे हात वर आणि परीक्षक खूश. मार्गदर्शक शिक्षिका त्या नाटकात दिग्दर्शिका असते. अँड्र्यू हॉब्सन आणि अँजी माल्डरेझ यांनी २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शाळांतून नेमकं हेच दुखणं नोंदवलं: मदत करणाऱ्यानंच सतत निवाडा करत राहिल्यानं नवा शिक्षक अडचण उघड करायला कचरतो. जिच्याकडे रडायचं तिच्याच हातात गुण असतील, तर रडणार कोण? अंतर्गत गुणांचा आणि मार्गदर्शनाचा कागद वेगळ्या हातांत असावा, याहून साधी सुधारणा मला सुचत नाही. तीही होत नाही.

शाळेची बाजूही मांडायला हवी. छात्राध्यापिका आल्या की शाळेला हायसं वाटतं. बदली तास, स्नेहसंमेलनाचा नाच, ऑनलाइन भरायची माहिती, सगळ्याला हात मिळतात. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तर गुरुजी बैठकीला गेले की डी.एल.एड.ची, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.ची, मुलगी पहिली ते चौथी एकटी सांभाळते. हे शोषण आहे, असं रागानं म्हणता येईल. पण त्या चार वर्गांच्या एका खोलीत ती जे शिकते ते कुठल्या टाचणात बसणार? माझा आक्षेप एवढाच, की संध्याकाळी परत आल्यावर गुरुजींनी "काही त्रास दिला का पोरांनी?" यापेक्षा थोडं अधिक विचारावं. आणि कॉलेजातून काही नवं शिकून आलेल्या मुलीला "कॉलेजातलं कॉलेजात ठेवा, इथं तसं चालत नाही" हे वाक्य ऐकवू नये. मीही ते ऐकवलंय.

प्राथमिकचं चित्र आणखी हलणारं आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल दिला आणि ओस पडत चाललेल्या डी.एल.एड.कडे पुन्हा विचारणा सुरू झाली. वेळापूरची आपली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, केंद्राकेंद्रांतल्या शिक्षण परिषदा, हे सगळं सांगाडा म्हणून उपलब्ध आहे. महिन्याच्या परिषदेत परिपत्रकांचं वाचन संपल्यावर एखाद्या मुलाची वही मधोमध ठेवली, तर तिथेही बरंच होईल.

दिल्लीची हवा मात्र दोन दिशांनी वाहते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. पुढे आणलं आणि मार्गदर्शनाचं राष्ट्रीय अभियान जाहीर केलं. जुलै २०२२ मध्ये ते ३० केंद्रीय शाळांत प्रायोगिक पातळीवर सुरू झालं. दुसरीकडे २०२५ च्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात पदव्युत्तरांसाठी एका वर्षाचं बी.एड. परतू घातलं. एका वर्षात आशय, पद्धती, परीक्षा आणि शाळेतला पुरेसा काळ कसा बसवायचा, हे गणित मला सुटत नाही. इंगरसोल-स्ट्राँग यांच्या त्या अपवादात लांबलेली मदतच फळाला आली होती, हे आठवून तर मुळीच नाही.

यंदाही जुलैत दोघी आल्या आहेत. एक मोहोळहून एसटीनं येते, तिचं मूल दीड वर्षाचं आहे. दुसरी इथलीच, घरी तेलुगू बोलणारी, त्यामुळे 'अदि'ची गंमत तिलाच मला शिकवायची आहे. मी मुख्याध्यापकांकडे एकच मागितलं: गुरुवारचा पाचवा तास आम्हा तिघींना एकत्र मोकळा. त्या तासात टाचण वही उघडायची नाही, फक्त मुलांच्या वह्या. साहेबांनी हो म्हटलं, बदली तास लागला नाही तर, या अटीवर. आतापर्यंत अकरा गुरुवार झाले. सहा बदली तासांत गेले. उरलेल्या पाचांपैकी एका गुरुवारी मोहोळची ती एक वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मॅडम, हा पोरगा 'ळ' कुठेच लिहीत नाही. का हो?" मला उत्तर येत नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्या पोरालाच बोलावून विचारायचं ठरलं आहे, तास मिळाला तर.